बेचाळिसाव्या पुस्तकाची चिठ्ठी

५ मे

चि. टिंबू,

अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, त्याला आळस नव्हे, चष्म्याची मोडलेली काडी कारण आहे. ती आता दोऱ्याने बांधून घेतली असून अक्षर पुन्हा सरळ रेषेत येऊ लागले आहे, हे तू पाहतेच आहेस. लहानपणी माझ्या पत्रांतली सुटलेली टिंबे शोधून परत पाठवणारी मुलगी आता त्याच कामाचा पगार घेते. तेव्हा मला जपून लिहायला हवे.

आता मुख्य मुद्दा. पोस्टमास्तरांच्या रहस्यकथांतली बेचाळिसावी कादंबरी जूनमध्ये येणार, अशी जाहिरात वाचली. तुमच्याच प्रकाशनाचे पुस्तक आणि मुद्रिते तपासणारी तू, म्हणजे सगळी पाने तुझ्या टेबलावरून गेली असणार. शेवट सांगू नकोस. मी विचारला तरी सांगू नकोस.

तुझ्या कचेरीतली नवी मुलगी विचारते ना, की एकच गृहस्थ पन्नास वर्षे तेच ते लिहितो, ते लोक दरवर्षी इतक्या आवडीने का वाचतात? तिला माझ्या वतीने असे सांग. नव्या लेखकाचे पुस्तक वाचणे म्हणजे अनोळखी घरी जाणे. बसायचे कुठे, चपला काढायच्या कुठे, यातच निम्मा जीव जातो. आपल्या लेखकाच्या घरी खुर्ची ठरलेली असते. निवृत्त पोस्टमास्तर पहिल्याच पानावर कुणाचे तरी पाकीट तळहातावर तोलणार, आतल्या माणसाचा स्वभाव सांगणार, आणि तो हमखास चुकणार. हे आपल्याला माहीत असते. आपण एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी मागत असतो: काहीही बदललेले नसावे आणि पुढे काय होणार ते कळू नये. पन्नास वर्षे दोन्ही देत राहणे याला साधी गंमत समजू नये. तीस वर्षे विज्ञान शिकवून मला इतकी शिस्तशीर करामत क्वचित दिसली.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. संध्याकाळी सहाला मी मोठ्याने वाचतो, रोज दोन प्रकरणे, जास्त नाही. शेवटचे प्रकरण उरले की पुस्तक पालथे ठेवायचे, दोघांनी गुन्हेगाराचे नाव चिठ्ठीवर लिहायचे, मग शेवट वाचायचा, आणि चिठ्ठ्या मागच्या पुठ्ठ्याला टाचणीने लावून टाकायच्या. एक्केचाळीस पुस्तकांत तुझी मामी तेहतीस वेळा जिंकली. मी पुरावे तपासतो, ती म्हणते, "पुरावे काय बघायचे? माणसाची खोड बघायची." एकोणिसाव्या पुस्तकात लेखकाने घड्याळजीला बुडवले, तेव्हा तिने दोन दिवस मला पुढे वाचू दिले नव्हते. पोस्टमास्तरांचा एवढा जुना मित्र, आणि त्याला एका वाक्यात संपवला, म्हणून.

मामीची तब्येत ठीक आहे. किरकोळ विसरभोळेपणा, वयाला साजेसा. ती लेखकाला 'पाहुणे' म्हणते, हे तुला आठवत असेल. रोज विचारते, "पाहुणे कधी येणार?" मी सांगतो, जूनमध्ये.

तुझा,
मामा

---

१६ मे

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचे उत्तर मी नव्या मुलीला जसेच्या तसे वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुमच्या मामांनाच प्रस्तावना लिहायला सांगा." संपादकबाई हसल्या आणि म्हणाल्या, "नको, मग पुस्तकापेक्षा प्रस्तावना जाड व्हायची."

होय, बेचाळिसावे माझ्याच हातून गेले. शेवट सांगणार नाही. एवढेच सांगते, की या वेळी मी एक फार मोठी चूक पकडली. हस्तलिखिताची शंभरेक पाने उलटल्यावर नव्हे, अगदी शेवटी, जिथे सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या तिथे. ती तशीच छापली गेली असती तर तुम्हीच पहिल्यांदा कान धरला असता. संपादकबाई सर्वांसमोर म्हणाल्या, "हिच्या डोक्यात एक्केचाळीस पुस्तकं पाठ आहेत." मी म्हटले, पाठ करून घेणारे मास्तर घरचेच होते. त्या दिवशी तुमची फार आठवण झाली.

लेखकांची भेट झाली नाही. हस्तलिखित घेऊन त्यांची धाकटी बहीण आली होती. त्या थोडा वेळच बसल्या. लेखक थकले आहेत, एवढे म्हणाल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस थकणारच.

पुस्तकाची पहिली प्रत बांधणीतून आली की तुम्हाला पाठवते. टाचण्यांची डबी तयार ठेवा. मामीला सांगा, पाहुणे निघाले आहेत.

'किरकोळ' या शब्दाखाली मी पेन्सिलने बारीक रेघ ओढली आहे. सवय. सविस्तर कळवा.

तुमची,
टिंबू

---

४ जुलै

चि. टिंबू,

अनेक आशीर्वाद. पुस्तक वेळेवर पोचले. अकरा संध्याकाळी पुरले. काल संपले. हे पत्र मला नीट क्रमाने लिहायचे आहे, म्हणून आधी पुस्तकाबद्दल लिहितो.

कल्पना अप्रतिम आहे. गावात चोऱ्या होतात, चोर कुणालाच दिसत नाही. पण ज्या ज्या घरात चोरी होते तिथले वर्षानुवर्षे बंद पडलेले घड्याळ दुसऱ्या दिवशी चालू असते! पन्नास वर्षांनी एखाद्याला असे काही सुचावे, याला काय म्हणावे? मधली काही प्रकरणे थोडी रेंगाळली. पोस्टमास्तर एकाच पुलावरून दोनदा जातात आणि दोन्ही वेळा तेच म्हणतात. पण शेवटचे प्रकरण! किती चपळ, किती नेटके! चोर बाजारातला चष्मेवाला निघतो, आणि वेळेबद्दल लोकांचा गोंधळ उडावा म्हणून त्याने घड्याळे चालू केलेली असतात. तर्क जरा ताणलेला आहे, पण भाषा तरुण माणसाची आहे. दहा वर्षांत लेखकांनी इतके चटपटीत काही लिहिले नव्हते. माझ्या चिठ्ठीवर चष्मेवालाच होता. मी जिंकलो.

तुझ्या मामीच्या चिठ्ठीवर 'घड्याळजी' असे होते.

मी आधी हसलो. म्हटले, "अगं, तो एकोणिसाव्या पुस्तकात गेला ना? तूच तर दोन दिवस पुस्तक उघडू दिलं नव्हतंस."

ती म्हणाली, "गेला असेल. पण बंद घड्याळ ज्याला बघवत नाही, असा दुसरा आहे कोण?"

"पण मेलेला माणूस चोरी कशी करेल?"

"ते पाहुण्यांना विचारा. मला काय विचारता?"

मग मी शेवटचे प्रकरण वाचू लागलो. दुसऱ्याच पानावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "हे कोण बोलतंय? हे पाहुणे नाहीत." मी म्हटले, "मीच वाचतोय गं, मी." ती माझ्याकडे पाहत राहिली. पुढचे तिने ऐकले की नाही, मला सांगता येणार नाही.

टिंबू, हरणे-जिंकणे हा मुद्दा नाही. ती आठ वेळा आधीही हरली आहे. पण तेव्हा ती पुस्तकातल्या जिवंत माणसांमधून चुकत होती. आमची इतक्या वर्षांची पद्धत मी तपासणीचे साधन म्हणून वापरली, आणि तपासणीचे उत्तर स्पष्ट आले. त्यावरून एक निर्णय घ्यायचा आहे. शब्द मी दिलेला असल्यामुळे तो मलाच पाळावा लागेल.

चिठ्ठ्या टाचून ठेवल्या आहेत.

तुझा,
मामा

---

११ जुलै

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचले. दोनदा वाचले.

एकदा चिठ्ठी चुकली म्हणून एवढे मनाला लावून घेऊ नका. मामीचे म्हणणे तसे अगदीच चुकीचे नाही. घड्याळांचा माग काढला तर घड्याळजीच आठवतो. मलाही आठवला होता. पुस्तकात थोडेफार राहून जाते. सगळे काही वाचणाऱ्याच्या माथी मारू नये.

शेवटचे प्रकरण तुम्हाला आवडले, हे वाचून मला काय वाटले ते पत्रात लिहिता येत नाही.

निर्णय कसला? शब्द कुणाला दिला? कृपा करून घाई करू नका. कचेरीतून अजून काही गोष्टी बाहेर बोलायची मोकळीक नाही. मी लवकरच रजा काढून येते आणि समोर बसून बोलते.

तुमची,
टिंबू

---

२ ऑगस्ट

चि. टिंबू,

अनेक आशीर्वाद. तू रजा काढून येणार होतीस. कामाच्या दिवसांत रजा मिळत नाही, हे मी समजू शकतो. तू रेघ ओढलेल्या 'किरकोळ' या शब्दाचा खुलासा आता करतो. तो मी आधीच करायला हवा होता.

मार्चमध्ये मामी एकटीच घराबाहेर पडली आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मुलीला घरी न्यायला आली होती. आपली ताई सत्तेचाळीस वर्षांची आहे. शाळेला सुट्टी होती; फाटकाला कुलूप होते. पहारेकऱ्याने मला फोन केला. मग एप्रिलमध्ये रिकामे भांडे तापत राहिले आणि पडदा पेटला. ताई धावत आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळता असं तुम्हाला वाटतं. खरं तर तुम्हाला दोघांनाही कुणी सांभाळत नाही." विसरणाऱ्या माणसांची काळजी घेणारे एक निवासगृह तिने पाहून ठेवले होते.

मी तिला म्हटले, मला एका पुस्तकापुरती मुदत दे. तुझी आई बेचाळिसावे पुस्तक शेवटपर्यंत धरून ठेवू शकली, चिठ्ठी भानावर राहून लिहिली, तर ती घरीच राहील. नाही तर तू म्हणशील तसे. ताई म्हणाली, "ही काय परीक्षा झाली, बाबा?" पण तिने मान्य केले. परीक्षा मी ठरवली, प्रश्नपत्रिका मी वाचून दाखवली, उत्तर मी तपासले. निकाल फिरवणे माझ्याने झाले नाही. आयुष्यात कधी जमले नाही.

चोवीस जुलैला तिला तिथे नेले. खोली स्वच्छ आहे, खिडक्या दोन आहेत, परिचारिका प्रेमळ आहे. भिंतीवरचे घड्याळ चार वाजून दहा मिनिटांनी बंद पडलेले आहे. मी सांगितले तेव्हा परिचारिका म्हणाली, "राहू द्या आजोबा, बघायला लावते." ते फार उंच टांगले आहे, माझा हात पोचत नाही.

मी रोज सहाला जातो. मनात आले, आता तिला सगळे आठवेनासे होत असेल तर जुनी एक्केचाळीस पुस्तके पुन्हा नवी होतील; हा तेवढाच एक फायदा. सातवे घेऊन गेलो. पहिली ओळ वाचताच ती म्हणाली, "हे झालंय. माळी." तिसरे नेले. "हे पण झालंय. धाकटी सून." ताईचे नाव तिला सापडत नाही, पण माळी आणि धाकटी सून सापडतात. मग ती विचारते, "नवं कुठंय?"

तुझ्या कचेरीत त्रेचाळिसाव्याची काही चाहूल?

तुझा,
मामा

---

९ ऑगस्ट

तीर्थस्वरूप मामा,

हे पत्र मी अकरा जुलैलाच लिहायला हवे होते. नोकरीची भीती वाटली, आणि त्याहून जास्त तुमची. मी सगळे क्रमाने सांगते, तुम्ही शिकवलेत तसे.

हस्तलिखितात चोर घड्याळजीच होता.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत लेखक त्यालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होते. प्रत्येक खूण त्याची आहे. शेवटच्या प्रकरणात पोस्टमास्तर त्याच्या दुकानात जातात आणि समोर बसून त्याचे नाव घेतात. मी वाचले आणि समासात टीप लिहिली: 'हे गृहस्थ एकोणिसाव्या पुस्तकात वारले आहेत.' मी पकडलेली मोठी चूक ती हीच.

संपादकबाईंनी लेखकांच्या बहिणीला बोलावले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय हवं ते बदला. फक्त त्याला विचारू नका. तो मलाच विचारतो, घड्याळजी बरा आहे ना म्हणून." मग बाई मला म्हणाल्या, "पुस्तकं तुला पाठ आहेत. दोन दिवसांत दुसरा चोर बसव." मी चष्मेवाला बसवला. मागे दोन प्रसंगांत त्याला घुसवले. आणि मामा, शेवटचे प्रकरण मी लिहिले. तुम्ही ज्याला तरुण माणसाची भाषा म्हणालात ती माझी. मामी म्हणाली, 'हे पाहुणे नाहीत.' ते पाहुणे नव्हतेच.

ती चुकली नव्हती. तिने पुस्तक आपल्या सगळ्यांपेक्षा नीट वाचले. मी बरोबर उत्तर खोडून चुकीचे छापले आणि तुम्ही त्या छापील उत्तरावरून तिला तपासले. तुमची परीक्षा कसली आहे, हे मला माहीत असते तर! पण माहीत नव्हते, ही सबबही मला पुरत नाही. चार जुलैच्या पत्रात तुम्ही 'निर्णय' असे लिहिले होते आणि मी तो शब्द वाचला होता.

ताईला हे पत्र दाखवा. मामीला घरी आणा.

सोबत मूळ शेवटच्या प्रकरणाची झेरॉक्स पाठवते. हे नियमाविरुद्ध आहे, असू दे. वाचताना एक लक्षात घ्या. पोस्टमास्तर घड्याळजीचे नाव घेतात तो प्रसंग लेखकांनी लागोपाठ तीन वेळा लिहिला आहे. खाडाखोड नाही. एक संपवला, आणि जणू अजून लिहायचा राहिलाय, असे समजून पुन्हा सुरू केला. पहिल्यात पोस्टमास्तरांच्या हातात कप आहे, दुसऱ्यात छत्री आहे, तिसऱ्यात काहीच नाही.

त्रेचाळिसावे येणार नाही. त्यांच्या बहिणीने कालच लेखणी काढून घेतली. ते बोटाने टेबलावर लिहितात म्हणे.

क्षमा मागायची पद्धत मला सापडत नाही.

तुमची,
टिंबू

---

२४ ऑगस्ट

चि. टिंबू,

अनेक आशीर्वाद. आधी तुझ्याबद्दल. तू चूक केलेली नाहीस. बुडालेल्या माणसाला तेवीस पुस्तकांनंतर चोर ठरवता येत नाही, हे तुला मीच शिकवले. तू ते ध्यानात ठेवलेस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तीच टीप लिहिली असती आणि मलाही त्याचा अभिमान वाटला असता. त्यामुळे या प्रकरणात रागवायला मला कुणी सापडत नाही. शोधून पाहिले.

ताईला पत्र दाखवले. माझ्याजवळ आता लेखी पुरावा होता. मी मुद्देसूद बोललो. परीक्षेची उत्तरपत्रिकाच चुकीची होती, तेव्हा निकाल रद्द व्हायला हवा. तिने सगळे पत्र वाचले, घडी घातली आणि म्हणाली, "बाबा, आईला गोष्ट कळते हो. आपण कोण ते कळत नाही." मी डॉक्टरांकडे गेलो. तेही तेच म्हणाले, जरा जास्त शब्दांत. शाळेचे फाटक खरे होते, पडदा खरा होता. ते मी चिठ्ठीच्या मागे लपवले होते, इतकेच. मी ठरवलेली परीक्षा ती उत्तीर्ण झाली, पण तिला घरी ठेवणे त्या परीक्षेच्या हातात कधी नव्हतेच. हे वाक्य मी तीनदा तपासले. त्यात दोष सापडत नाही.

काल सहाला तुझी पाने घेऊन गेलो. म्हटले, "पाहुण्यांकडून शेवटचं प्रकरण आलंय. आधीचं छापताना बदललं होतं."

ती म्हणाली, "चिठ्ठी?"

टाचण्यांची डबी मी नेली नव्हती. परिचारिकेकडून कागद घेतला. मामीने पुष्कळ वेळ घेऊन लिहिले, 'घड्याळजी'. मीही लिहिले. 'चष्मेवाला'.

मग वाचायला लागलो. लेखकांचे अक्षर आता उतरत्या ओळीचे झाले आहे; चष्म्याची काडी धरून वाचावे लागले. पोस्टमास्तर कप हातात घेऊन दुकानात शिरले, समोर बसले आणि म्हणाले, "घड्याळजी, ही सगळी घड्याळं तूच चालू केलीस." मामीने टाळी वाजवली. "सांगितलं होतं की नाही? तुम्ही पुरावे बघत बसा." माझी चिठ्ठी उघडून ती इतकी हसली की परिचारिका दारातून डोकावली. मग म्हणाली, "पाहुणे पुन्हा कधी येणार?"

मी उत्तर दिले आणि पान उलटले. पुढच्या पानावर पोस्टमास्तर छत्री घेऊन दुकानात शिरत होते. तू ती पाने का छापली नाहीस, हे मला समजते. छापील पुस्तकात त्यांना जागा नाही. मामीकडे पाहिले. ती पुढे सरकून बसली होती, चिठ्ठी मुठीत होती, आणि चेहऱ्यावर आता काय होणार ही उत्सुकता होती. कुठलेही पुस्तक पहिल्यांदा ऐकताना असायची, अगदी तीच.

म्हणून मी वाचले. तिने टाळी वाजवली, माझी चिठ्ठी उघडली, हसली. तिसऱ्यांदा पोस्टमास्तर रिकाम्या हातांनी आले. तेही वाचले. तिने पुन्हा टाळी वाजवली. कुणी कुणासाठी लिहिले ते मी आता ठरवत नाही. एवढे खरे, की त्या माणसाला जितक्या वेळा लिहावेसे वाटले तितक्याच वेळा तिला ऐकायचे होते.

भिंतीवर अजून चार वाजून दहा मिनिटेच आहेत.

प्रत्येक वेळी शेवटी तिने तोच प्रश्न विचारला, आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो, जूनमध्ये.

तुझा,
मामा